सरासरी वय आणि लपलेला आकडा

आता आपल्याला वाचता येते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकारही येतो. आज आपण ‘सरासरी’ शिकू. हा शब्द सभेत, कारखान्यात नेहमी कानावर पडतो. तो समजला नाही, तर माणूस फसतो.

एका घरात तीन मुले आहेत. वये १०, ७ आणि ४. बेरीज झाली २१. मुले ३, म्हणून २१ ला ३ ने भागू. उत्तर ७. हे झाले सरासरी वय. भाकरी सारखी वाटावी, तशी वये सारखी वाटली.

उलट, सरासरीला माणसांच्या संख्येने गुणले की बेरीज परत मिळते. ७ गुणिले ३ म्हणजे २१. एवढे पक्के ध्यानात ठेवू.

आता समजा, गावाकडची एक बाई घाटकोपरला राहायला आली. शेजारचे पोर रोज एका कारखान्यात कामाला जाते. तिने विचारले, “मुकादमदादा, पोरगं लई लहान दिसतंय. वय किती त्याचं?”

मुकादम म्हणाला, “बाई, आमच्याकडं पाच माणसं. सरासरी वय वीस. मग लहान कोण असणार?”

बाई गप्प बसली नाही. तिने बाकीच्या चौघांना वये विचारली. ती निघाली २५, २३, २१ आणि १९. मग तिने पाटी घेतली.

पाच जणांच्या वयांची बेरीज : २० × ५ = १००
चौघांच्या वयांची बेरीज : २५ + २३ + २१ + १९ = ८८
पोराचे वय ठाऊक नाही. त्याला ‘क्ष’ म्हणू.
८८ + क्ष = १००

हा तराजू समजा. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले, तर तोल ढळत नाही. दोन्हीकडून ८८ काढू.
क्ष = १००  - ८८ = १२

ताळा पाहू : ८८ + १२ = १००. १०० ला ५ ने भागले, २० आले. हिशेब बरोबर.

मुकादम खोटे बोलला नाही. पण खऱ्या सरासरीच्या आड बारा वर्षांचे पोर लपले होते! आपली राज्यघटना १९५० साली अमलात आली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवू नये, असे तिच्यात लिहिले आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. असे मूल दिसले, तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

हे गणित आपल्याकडे जुनेच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. खड्डा जागोजागी कमीजास्त रुंद असेल, तर सगळी मापे मिळवून जागांच्या संख्येने भागावे, असे तीत सांगितले आहे. न कळलेल्या आकड्याला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. आपला ‘क्ष’ तोच.

म्हणून कुणी सरासरी सांगितली, तर आपण विचारावे, “माणसे किती? सर्वांत लहान कोण?”

आता तुम्ही सोडवा : मुलुंडच्या एका बचत गटात चौघी आहेत. सरासरी वय ३०. पाचवी बाई आली आणि सरासरी ३२ झाली. तिचे वय किती?

(उत्तर : ४० वर्षे. आधी स्वतः करा, मग ताळा पाहा.)