आजोबा, हे कुठे लिहिले आहे?



नातीच्या शाळेत ‘शोराशिम’चा, म्हणजे आपल्या मुळांचा, अभ्यास होता. आम्ही नवगावचे फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, शनवार तेली आणि दावीद राहाबी, सारे नेहमीप्रमाणे सांगितले. तिने विचारले, “आजोबा, हे कुठे लिहिले आहे?” जन्मभर मुलांना ‘पुरावा द्या’ म्हणणारे आम्ही निरुत्तर झालो. पुढच्या आठवड्यात दोघेही विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तेथे शिकलो ते येथे देतो.

पहिली गोष्ट, आरंभ ग्रंथापासून करावा. हाईम शमुएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आपला इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. शर्ली इझेनबर्ग यांचा ग्रंथ १९८८ चा. अशा ग्रंथाच्या शेवटची संदर्भयादी आधी वाचावी. एका लेखातून दहा लेखांचा पत्ता लागतो.

दुसरी गोष्ट, ग्रंथालयाच्या साध्या सूचीत मासिकाचे नाव मिळते, पण आतला लेख बहुधा मिळत नाही. त्यासाठी लेखसूची वेगळी असते. यहुदी विषयांवरील लेखांची ‘रांबी’ ही सूची यरुशलेमचे राष्ट्रीय ग्रंथालय १९६६ पासून करीत आहे. आता ती घरच्या संगणकावरही मोफत पाहता येते. सूचीत फक्त पत्ता मिळतो. लेखक, शीर्षक, मासिक, खंड, वर्ष आणि पाने उतरवून घ्यावीत व मग लेख मागावा.

तिसरी गोष्ट शब्दांची. आम्ही नुसते ‘बेने इस्राएल’ घातले, तर मोशेबरोबर मिसरातून निघालेले सारे इस्राएलपुत्र समोर उभे राहिले! जोडीला ‘भारत’, ‘मुंबई’ किंवा ‘कोकण’ घालावे. इंग्रजीत ‘बेने’, ‘बेनी’, ‘बनै’ अशी सर्व स्पेलिंगे करून पाहावी. रायगड जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा होते, हेही विसरू नये. अडल्यास ग्रंथपालबाईंना विचारावे, त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट, एका लेखावर थांबू नये. आपली परंपरा राहाबींना नऊशे-हजार वर्षे मागे नेते, तर काही अभ्यासक त्यांना अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातले मानतात. नातीने दोन्ही मते लिहिली आणि ‘आजोबांनी सांगितलेले’ हे तिसऱ्या रकान्यात घातले. आम्हांला आधी जरा लागले. मग वाटले, मुलगी बरोबर करते आहे. ऐकलेले ते ऐकलेले, छापलेले ते छापलेले.

शेवटी एक विनंती. आपल्या ट्रंकांत जुनी मराठी मासिके, कीर्तनाची पुस्तके, लग्नपत्रिका असतील. घर आवरताना ती रद्दीत टाकू नका, आधी ग्रंथालयाला दाखवा. नातवंडे उद्या ‘कुठे लिहिले आहे?’ असे विचारतील, तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी उरले पाहिजे.