नेपोलियनचें जन्मगृह

थोर पुरुषांचीं जन्मस्थानें पाहण्याची उत्कंठा मनुष्यमात्राच्या ठिकाणीं स्वाभाविक आहे. ज्याच्या नांवानें एके काळीं सारा युरोप कांपत होता, त्या पुरुषानें पहिला श्वास कोणत्या छपराखालीं घेतला, त्याचें बाळपण कोणत्या भिंतींच्या आंत गेलें, हें जाणण्याची इच्छा लहानथोर सर्वांसच होते. परंतु अशा स्थळीं जाणाऱ्यानें डोळ्यांबरोबर आपला विवेकहि जागा ठेवला पाहिजे. कारण, जुन्या घरांत खऱ्या वस्तूंच्या शेजारींच दंतकथाहि नांदत असतात. फ्रान्सचा बादशहा पहिला नेपोलियन याच्या जन्मगृहाची माहिती करून घेतांना आपण हाच विवेक वापरूं.

भूमध्य समुद्रांत इटलीच्या पश्चिमेस कॉर्सिका नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर अजाक्सियो हें बंदराचें शहर वसलेलें आहे. या शहराच्या जुन्या भागांतील एका अरुंद गल्लींत बोनापार्ट घराण्याचें घर उभें आहे. समोरच्या लहानशा चौकास नेपोलियनच्या मातेचें, म्हणजे लेतीशियाबाईचें, नांव दिलेलें आहे. घर कित्येक मजली असलें, तरी बाहेरून अगदीं साधें आहे. मनोरे नाहींत, घुमट नाहींत; गिलावा केलेल्या भिंती आणि झडपांच्या खिडक्या, एवढेंच काय तें दिसतें. बादशहाचा वाडा पाहण्याच्या अपेक्षेनें आलेला प्रवासी येथें क्षणभर निराश होतो. पण हीच निराशा त्याचा पहिला धडा होय.

सतराव्या शतकाच्या अखेरीस बोनापार्ट कुटुंब या घरांत राहूं लागलें. त्या वेळीं सबंध घर त्यांचें नव्हतें. निरनिराळ्या नातलगांचीं बिऱ्हाडें एकाच छपराखालीं असत. नेपोलियनचा पिता कार्लो हा वकिलीचा व्यवसाय करणारा, घराणें कुलीन, पण पैसा बेताचा. लेतीशियाबाईस एकंदर तेरा अपत्यें झालीं आणि त्यांपैकीं आठ जगलीं. एवढा मोठा संसार त्या माउलीनें मोठ्या काटकसरीनें व करड्या शिस्तीनें चालविला.

नेपोलियनचा जन्म झाला तो काळ कॉर्सिकाच्या इतिहासांत मोठा कठीण होता. पास्काल पाओली या देशभक्ताच्या नेतृत्वाखालीं बेटांतील लोकांनीं इ. स. १७५५ पासून आपलें स्वतंत्र राज्य चालविलें होतें. पण जेनोआच्या सरकारनें १७६८ सालीं बेटावरील आपला हक्क फ्रान्सच्या स्वाधीन केला, आणि १७६९ च्या मे महिन्यांत पाँतेनोव्हो येथील लढाईंत फ्रेंच फौजेनें पाओलीचा पराभव केला. कार्लो हा पाओलीच्या पक्षाचा होता. पराभवानंतर इतर निष्ठावंतांबरोबर तो डोंगरांत शिरला, तेव्हां त्याची गरोदर पत्नीहि त्याच्या सोबत होती. पुढें शरणागति झाली, कुटुंब अजाक्सियोस परतलें, आणि १५ ऑगस्ट १७६९ रोजीं या घरीं नेपोलियन जन्मास आला. जो पुढें फ्रान्सचा सम्राट झाला, तो फ्रान्सनें जिंकलेल्या लोकांपैकीं एक होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या दिवशीं मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण होता. लेतीशियाबाई देवळांत उपासनेस गेली असतां तिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या व ती लगबगीनें घरीं परतली, असें सांगतात. या घरांत एक जुनी डोली ठेवलेली आहे. तिच्यांतूनच तिला आणलें, असें परंपरा म्हणते. जन्माची खोली म्हणून जी दाखवितात, तेथें पाहणारे लोक नकळत आवाज खालीं आणतात. दुसऱ्या एका खोलींत जमिनींत बसविलेलें एक चोरदार आहे. १७९९ च्या ऑक्टोबरांत, मिसर देशाहून फ्रान्सला जातांना, सेनापति नेपोलियन येथें कांहीं दिवस उतरला होता. तेव्हां भेटीस आलेल्या लोकांची गर्दी चुकविण्यासाठीं तो या दारानें निसटला, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर मात्र त्याचें पाऊल आपल्या जन्मभूमीस पुन्हां कधींहि लागलें नाहीं.

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. या खोल्यांतील खुर्च्या, मेजें व पलंग बाळ नेपोलियननें पाहिलेले आहेत काय? याचें उत्तर बहुतांशीं 'नाहीं' असेंच द्यावें लागतें. १७९३ सालीं पाओली आणि फ्रेंच क्रांतिसरकार यांच्यांत वितुष्ट आलें. बोनापार्ट बंधूंनीं फ्रान्सचा पक्ष धरला. तेव्हां पाओलीच्या अनुयायांनीं हें घर लुटलें आणि त्याची नासधूस केली. लेतीशियाबाई मुलांना घेऊन शहराबाहेरील आपल्या मिलेली येथील मळ्याच्या घराकडे निघाली व शेवटीं सारें कुटुंब समुद्रमार्गें फ्रान्सला गेलें. १७९४ पासून १७९६ पर्यंत बेटावर इंग्रजांचा अंमल होता; त्या वेळीं हें घर इंग्रज अंमलदारांच्या उपयोगास दिलें होतें. पुढें १७९७ सालीं ती परत आली आणि फ्रेंच सरकारनें दिलेल्या नुकसानभरपाईच्या पैशांतून तिनें घराची दुरुस्ती करून तें नव्यानें सजविलें. म्हणजे आज आपण पाहतों तें घर मुख्यत्वें बाळ नेपोलियनचें नसून त्याच्या मातेनें दुसऱ्यांदां उभारलेलें आहे. हें कळल्यानें घराची किंमत कमी होते काय? मुळींच नाहीं. उलट, परागंदा झालेल्या एका स्त्रीनें परत येऊन मोडका संसार पुन्हां मांडला, याची साक्ष त्या भिंती देतात; आणि ती साक्ष कोणत्याहि दंतकथेहून अधिक मोलाची आहे.

दंतकथांचें एकच उदाहरण देतों. होमर कवीच्या काव्यांतील वीरांचीं चित्रें असलेल्या गालिच्यावर नेपोलियनचा जन्म झाला, अशी कथा पुढें पसरली. स्वतः मातेनेंच ती खोडून काढिली, असें सांगतात; कॉर्सिकांतील घरांत, आणि तेंहि भर उन्हाळ्यांत, गालिचे कोण अंथरतो, असा तिचा रोखठोक सवाल होता. मनुष्य मोठा झाला म्हणजे लोक त्याच्या पाळण्यासहि सोन्याचा मुलामा देऊं पाहतात. इतिहासाच्या अभ्यासकानें मुलामा कोणता व मूळ धातु कोणता, हें ओळखावयास शिकलें पाहिजे.

मूळ धातु पाहावयाचा असेल, तर नऊ वर्षांच्या त्या मुलाकडे पाहावें. १७७८ च्या डिसेंबरांत त्यानें हें घर सोडलें. त्याची घरची बोली इटालियन वळणाची. फ्रेंच त्याला धड येत नसे. म्हणून कांहीं महिने ओतां येथील शाळेंत ती भाषा शिकून तो १७७९ च्या मे महिन्यांत ब्रियेन येथील लष्करी विद्यालयांत दाखल झाला. तेथें धनिक सरदारांचीं मुलें त्याच्या उच्चारांची व विचित्र नांवाची थट्टा करीत. तो एकटा राही, गणितांत मन घाली आणि इतिहासाचीं पुस्तकें वाची. सोळाव्या वर्षीं तो तोफखान्यांत अधिकारी झाला. त्याच वर्षीं, म्हणजे १७८५ त, त्याचा पिता वारला होता. घर सोडल्यावर जवळजवळ आठ वर्षांनीं, १७८६ सालीं, त्यानें हा उंबरठा पुन्हां पाहिला. जी मुलें शिक्षणासाठीं आईबापांपासून दूर वसतिगृहांत राहतात, त्यांना या आठ वर्षांचा अर्थ समजावून सांगावयास नको.

नेपोलियनची पुढील कारकीर्द सर्वश्रुत आहे. १८०४ सालीं त्यानें फ्रान्सला एक सुसूत्र दिवाणी कायदा दिला. त्याचा ठसा अनेक देशांच्या कायद्यांवर उमटलेला आहे. पण त्याच पुरुषानें १८०२ त फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हां चालू केली, आणि १८१२ त रशियावर नेलेल्या प्रचंड सैन्यापैकीं थोडेच लोक घरीं परतले. त्या प्रत्येक शिपायाचेंहि कोठेंतरी एक जन्मघर होतें, आणि तेथेंहि एक आई वाट पाहत होती. त्या घरांवर मात्र कोणी शिळा बसविली नाहीं. कॉर्सिकाच्या या घरीं नेपोलियन जन्मला, त्याच १७६९ सालीं आयर्लंडमध्यें आर्थर वेल्स्ली जन्मला. त्यानें १८०३ च्या सप्टेंबरांत आपल्या मराठवाड्यांतील असई येथें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, आणि १८१५ त वॉटर्लू येथें नेपोलियनचा. असा हा इतिहासाचा धागा अजाक्सियोच्या गल्लीपासून आपल्या शेतशिवारापर्यंत येऊन पोंचतो. जग जिंकूं पाहणारा तो पुरुष शेवटीं ५ मे १८२१ रोजीं सेंट हेलिना बेटावर कैदेंत मरण पावला. एका बेटावर आरंभ, दुसऱ्या बेटावर अंत!

हें घर अनेक हातांतून गेल्यावर १९२३ सालीं बोनापार्ट वंशांतील राजपुत्र व्हिक्टर यांनीं तें फ्रेंच राष्ट्रास अर्पण केलें, आणि १९६७ पासून तें राष्ट्रीय संग्रहालय म्हणून राखलें जात आहे. ज्या शहरांत एकदां हें घर लुटलें गेलें, तेंच शहर आज तें अभिमानानें दाखवितें.

विद्यार्थिमित्रहो, जन्म कोणत्या घरीं व्हावा हें कोणाच्याच हातीं नसतें. म्हणून जन्मगृह हें त्या पुरुषाच्या पराक्रमाचें स्मारक नव्हे. त्याला इतरांकडून काय मिळालें, याचें तें स्मारक होय. मातेची शिस्त, पित्याची धडपड, बेताच्या संसारांतील काटकसर, हें देणें घर देतें. त्या देण्याचा उपयोग लोककल्याणाकडे करावयाचा कीं लोकांच्या नाशाकडे, हें उंबरठा ओलांडल्यावर ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें. पुढें कधीं असें एखादें घर पाहण्याचा योग आला, तर तुम्ही तेथें दोन प्रश्न विचारा: यांतील खरें किती, आणि येथून निघालेल्या माणसानें जगाला काय दिलें? हे दोन प्रश्न घेऊन जो आंत जाईल, तो बाहेर येतांना रित्या हातीं येणार नाहीं.