पूर्तधर्म आणि पाण्याचा हिशेब

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाला कर्माची एक जोडी सांगितली आहे. तिचे नाव इष्टापूर्त. यज्ञयाग, होमहवन हे इष्ट. आणि विहीर, बारव, तळे, देऊळ, बाग, अन्नदान हे पूर्त. इष्टाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, पूर्ताबद्दल फारसे ऐकत नाही. त्यातही पूर्ताचे एक मर्म आहे ते तर विसरूनच गेलो आहोत. तळे खोदून झाले म्हणजे पुण्य पदरात पडले असे नव्हे. त्यानंतर उत्सर्ग करावा लागतो. उत्सर्ग म्हणजे त्या पाण्यावरचे आपले स्वामित्व सोडणे. हे पाणी आता सर्व भूतांचे, असा संकल्प करून हात मोकळा करणे. स्वामित्व सुटले तरच ते पूर्त, नाहीतर ती नुसती मालमत्ता.

हा विषय आज का काढला, ते सांगतो. २०१९ च्या चैत्रात पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी सप्त्याला माझी काल्याची सेवा होती. जिल्ह्यात तेव्हा ठिकठिकाणी चारा छावण्या चालू होत्या. सात दिवस मांडवात पाण्याचा टँकर उभा होता. स्वयंपाक उत्तम, पंगती उत्तम, टाळकऱ्यांच्या स्नानाचीही व्यवस्था होती. काला झाला, नारळ-प्रसाद वाटला, मी गाडीत बसणार तोच एक वयस्क माउली पाया पडायला आली. वाकली, उठली आणि हळूच म्हणाली, "महाराज, सप्त्यापुरता टँकर आला. उद्यापासून आमच्या हंड्याला कोण?"

खरं सांगतो, चाळीस वर्षं कीर्तन करतोय, पाठशाळेत न्यायाची दोन-तीन प्रकरणं पाठ केली, पण त्या बाईला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. "पांडुरंग आहे" असं म्हणालो आणि निघालो. पांडुरंग आहेच, पण त्याचं नाव पुढे करून मी आपली सुटका करून घेतली, हे गाडीत बसल्यावर कळलं. त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, दुष्काळ वारकरी पंथाला नवा नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे रयतेसाठी उघडली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. १६३० च्या सुमारास दख्खनेत जो घोर दुष्काळ पडला, त्यात तुकोबारायांच्या घरातली माणसे गेली. पुढे सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. एकाने कोठारातले धान्य सोडले, दुसऱ्याने लोकांकडचे येणे सोडले. दोघांनीही स्वामित्व सोडले, आणि तेच पूर्त.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. ज्या प्रवरेच्या तीरी नेवाशास शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, ती प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडापाशी उगम पावते. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटते. पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरावे तो पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस थोडा, तोही लहरी. अलीकडे त्या लहरीपणात भर पडली आहे. पावसाचे दिवस घटतात आणि पडतो तो एकदम कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कायमच्या अवर्षणी तालुक्यांत ओढ्यांना पूर येऊन पिके आणि माती वाहून गेली, हे आपण पाहिले. ज्या गावाला वैशाखात टँकर, त्याच गावाला भाद्रपदात पूर. दोन्हींचे मूळ एकच : पडलेले पाणी थोपवायला डोंगरावर झाड नाही, उतारावर बांध नाही आणि ओढ्याला पात्र उरले नाही.

मला १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. आई खडी फोडायच्या कामावर जाई. सुकडी मिळे, तांबडी मिलो ज्वारी मिळे. अन्नाची दशा दशा होती. पण आमच्या आडाला पिण्यापुरतं पाणी होतं. २०१९ ला उलट झालं. रेशनच्या दुकानात गहू होता, घरात तांदूळ होता, आणि आडात धूळ! ७२ चा दुष्काळ अन्नाचा होता, आताचा पाण्याचा आहे. मधल्या काळात काय झालं? आधी इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, मग बोअर आलं. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतलं की आपण चारशे. पाणी वाढलं नाही, दोर तेवढा लांबला.

मग उपाय काय? उपायही आपल्याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यात नीळोबारायांचे पिंपळनेर आहे, आणि त्याच परिसरात राळेगणसिद्धी. सैन्यातून परतलेले अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये तिथे कामाला आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने. आधी देऊळ, मग देवळात गाव एकत्र, मग गावाने नालाबांध आणि पाझर तलाव. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातले हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले, तेव्हा डोंगर उघडे होते आणि तरुण गाव सोडून जात होते. ग्रामस्थांनी श्रमदान केले, डोंगरावर समतल चर खोदले, झाडे लावली. पण चर पुष्कळ गावांत खोदले गेले आणि बुजलेही. हिवरे बाजारचे वेगळेपण नियमांत आहे. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, डोंगरावर मोकाट गुरे सोडायची नाहीत, दारू नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत. वारकऱ्याला हे काही नवे नाही. माळ घातली की काही गोष्टी सुटतात आणि काही गोष्टी धराव्या लागतात. त्या गावाने सगळ्यांनी मिळून माळ घातली, एवढेच.

आणि दरवर्षी पावसाळा सरला की ते गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, ग्रामसभेत आकडे वाचायचे आणि मग ठरवायचे की औंदा रब्बीला काय पेरायचे. हा हिशेब कसा करतात, ते एक कल्पित गाव घेऊन दाखवतो.

एक हेक्टरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचे शिवार १००० हेक्टर, पाऊस ४०० मिलीमीटर. तर आकाशातून आले ४०० कोटी लिटर. त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते, बरेचसे वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते. आपल्या काळ्या पाषाणात दहावा हिस्सा मुरला असे धरा, म्हणजे ४० कोटी. गावात १२०० माणसे. दरडोई रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाचे २ कोटी ४१ लाख. गुरे ८००, दर गुरास ६० लिटर, म्हणजे १ कोटी ७५ लाख. दोन्ही मिळून सव्वाचार कोटींच्या आत. उरले सुमारे ३६ कोटी. म्हणजे गाव तहानेने मरावे असा मुळी हिशेबच नाही!

आता दुसरी बाजू. पाटाने भिजवलेल्या उसाला, पावसाचे वजा जाता, विहिरीतून दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाणी द्यावे लागते. म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. हे हजार माणसांचे वर्षभराचे पाणी झाले. आणि १८ हेक्टर, म्हणजे ४५ एकर ऊस, त्या अख्ख्या गावाचे उरलेले पाणी पिऊन टाकतो. हिशेब ढोबळ आहे, गावोगाव आकडे बदलतील. पण त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. तिचा हंडा आभाळाने रिकामा ठेवला नव्हता.

कोणी म्हणेल, "महाराज, पाऊस-दुष्काळ हे प्रारब्ध आहे, त्याला माणूस काय करणार?" समाधान असे की, पाऊस किती पडावा हे दैवाचे, पडलेल्यातला किती राहावा आणि कोणाला मिळावा हा पुरुषार्थाचा भाग. शेतकरी पेरणी प्रारब्धावर सोडत नाही, मग पाणीच का सोडावे?

दुसरी शंका : "विहीर माझ्या सातबाऱ्यावर आहे, पाणी माझे." अहो, झऱ्याला सातबारा कुठे असतो? तो चार शेतांखालून वाहतो. आपण उपसतो ते शेजाऱ्याच्या आडातले असते. म्हणून भूमीतल्या पाण्याचा उत्सर्ग आधीच झालेला आहे, तो भगवंताने केला आहे. आपण फक्त तो मोडू नये.

तिसरी शंका : "हे कीर्तनकाराचे काम का?" सबंध गाव जातपात, भाऊबंदकी, पुढारीपण विसरून एका सतरंजीवर बसते अशी जागा सप्त्यावाचून दुसरी कुठे आहे?

म्हणून त्या वर्षापासून सप्त्याचे निमंत्रण आले की मी एक मागणे मागतो. सप्त्याच्या एका सकाळी काकड्यानंतर दोन तास श्रमदान, आणि काल्याच्या आदल्या दिवशी पारावर विहिरींच्या पातळीचे वाचन. फळ सगळीकडे आले असे म्हणत नाही. एका गावी विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून बोअर न घेण्याची शपथ झाली, आणि पंधरवडा उलटण्याआत रात्री गाडी येऊन दोन बोअर पडली. पण त्याच गावच्या पोरांनी ओढ्यातले अतिक्रमण काढून गाळ उपसला, तो ओढा गेल्या पुरात गावात शिरला नाही. एवढेही थोडे नाही. नियम मोडतो तसा पुन्हा धरताही येतो; वारी चुकलेला माणूस पुढच्या आषाढीला निघतोच की!

तात्पर्य, प्रत्येक गावाने पाच गोष्टी कराव्या. देवळापाशी एक पर्जन्यमापक ठेवावा आणि रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पाच-दहा विहिरींत दोर सोडून पातळी टिपावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ग्रामसभेत ताळेबंद वाचावा. आधी माणूस, मग गुरे, मग शेत हा क्रम सोडू नये. आणि ओढ्याचे पात्र ओढ्याला द्यावे. दिंडीकऱ्यांनीही मुक्कामाच्या गावी पाणी मागण्याआधी त्या गावाला किती आहे हे विचारावे.

त्या माउलीचे गाव मला पुन्हा निमंत्रण देईल की नाही, ठाऊक नाही. दिले तर काल्याला जाण्याआधी पारावर बसून विहिरींचे आकडे ऐकेन, आणि मगच वीणा हाती घेईन.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥