‘सेंद्रिय’ लिहिलेली गोणी

नेवाशात ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्न आठवतं. ‘अमुक लॉन्स’ म्हणजे मंगल कार्यालय. तिथलं गवत कुणी बघत नाही, पंगत कधी बसणार ते बघतात. आता मात्र नव्या बंगल्यांपुढे हिरवळीचा चौकोन आणि गच्चीवर कुंड्या दिसू लागल्यात. ही मंडळी दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो ‘सेंद्रिय आहे ना?’ असा. मागणी खतापेक्षा शब्दाला जास्त आहे, आणि शब्द छापायला फारसा खर्च येत नाही.

प्रस्तुत लेखक याच गिऱ्हाइकांतला. (स्वतःची फजिती ‘मी’ म्हणून लिहायला धीर होत नाही, म्हणून हा तृतीय पुरुष.) गच्चीवरच्या मिरची-वांग्यांसाठी त्यानं गांडूळखताची गोणी घेतली. पुढे हिरवं पान, गाय आणि ‘शंभर टक्के सेंद्रिय’. मागची बाजू कोरी. दुकानदार ओळखीचा, म्हणून बिल मागायचा संकोच वाटला. गोणी फोडली तर गोठ्याचा वास. शेणखताला शेणाचाच वास येणार, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं कुंड्या निम्म्याहून जास्त त्याच खतानं भरल्या.

आठवड्याभरात मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. कुंडी उलटी केली तर आत शेणाचे गोळे तसेच ओले, हाताला कोमट लागणारे. त्यातच एक पांढरी, मुरडून पडलेली अळी.

“हुमणी!” शेजारचे काका दचकलेच. ते ऊसवाले. भेंडे आणि सोनई अशा दोन्ही ठिकाणी साखर कारखाने असलेल्या या तालुक्यात ‘हुमणी’ हा शब्द कुणी हसत उच्चारत नाही. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळींवर जमतात, मादी मातीत अंडी घालते आणि अळ्या उसाची मुळं कुरतडतात. पण खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. लेखकानं ती फरशीवर ठेवली, तर पाय वर करून पाठीवरच सरकत निघाली. अशी पाठीवर चालणारी अळी कुजकं खाणाऱ्या भुंगेऱ्याची; जिवंत मुळांशी तिचं भांडण नाही.

गुन्हेगार होतं कच्चं शेण. कुंडीत ते कुजायला लागलं की तापतं, अमोनिया सोडतं आणि मुळांच्या वाट्याचा प्राणवायू त्यातले जीवाणूच संपवतात. शेतात एवढं शेण मातीत जिरून जातं. कुंडीत मुळांना पळायला जागा नसते.

शेणाचं खत व्हायला वेळ लागतो, हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि 1931 साली पुस्तकरूपानं मांडली, तिच्यातही ढीग उलथत साधारण तीन महिने थांबावं लागतं. हॉवर्ड वाचूनच अमेरिकेत रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेती-बागेचं मासिक काढलं आणि घरबागवाल्यांची मागणी तिथून वाढत गेली. गोणीत नेमके हे तीन महिने भरलेले नसतात.

मग गोणी घ्यायची कशी? आधी उलटी करून. मागचे आकडे खत नियंत्रण आदेशाशी ताडून बघायचे. तो आदेश 1985 चा. 2006 पासून सेंद्रिय खतंही त्यात आली. गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि नत्र किमान 1 टक्का हवा. म्हणजे ‘नत्र 1 टक्का’ वाचून नाक मुरडू नये, तो प्रामाणिक आकडा आहे. उलट चार दिवसांत झाडाला काळोखी आणणाऱ्या ‘सेंद्रिय’ औषधाचा संशय घ्यावा. ‘जैविक भारत’ हे चिन्ह अन्नपदार्थांसाठी असतं. खताच्या गोणीवर ते दिसलं तर भाळू नये.

घरी आणल्यावर मूठभर खत दाबून बघावं. पाणी ठिबकलं तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजलेत. वास पावसानंतरच्या मातीचा हवा, गोठ्याचा नको. चिमूटभर ग्लासातल्या पाण्यात ढवळलं की तळाशी वाळू किती बसते तेही कळतं. सगळ्यात खात्रीची परीक्षा मेथीची: एका डब्यात निम्मी माती, निम्मं खत, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हींत सारखे दाणे पेरून आठवडाभर थांबायचं. खताच्या डब्यात मेथी रुसली, तर ते खत आणखी दोन महिने सावलीत ओलं करून ठेवावं. फेकायची गरज नाही.

आणि बिल घ्यावं. ते देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेल्यावर पुरावा म्हणून तेच पुढे ठेवावं लागतं. लेखकाकडे ते नव्हतं.