नंतर सांगते

सांगली,
रविवार

चि. सौ. सायलीस,


परवा सोलापूरच्या वहिनींचा फोन आला होता. तुमच्या वास्तुशांतीचं कौतुक करत होत्या. गुरुजी, जेवण, रांगोळी सगळं झालं आणि मग म्हणाल्या, "सायलीनं नणंदेला किती छान सांभाळलं हो. पंख्याखाली खुर्ची दिली, ताट नेऊन दिलं, हातात मोबाईल दिला. ती आपली मधूनमधून खूण करून विचारायची, काय चाललंय म्हणून. सायली हसून सांगायची, नंतर सांगते." वहिनींनी हे अगदी मनापासून सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी मी रागावून घेते, मग बाकीचं.

लग्न ठरल्यावर तू आपणहून सांकेतिक भाषेच्या वर्गात नाव घातलंस. तुझ्या नवऱ्याला, सासूला एवढ्या वर्षांत जे सुचलं नाही ते तू केलंस. मी चार घरी सांगत सुटले होते. म्हणजे आज त्या घरात ती भाषा येणारी तू एकटी. आणि तीस-चाळीस माणसं जमली त्याच दिवशी तुझे हात वाढण्यात अडकले? वाढायला दहा जणी होत्या गं. नणंदेशी बोलायला दुसरं कोण होतं? आणि खरं सांग, नंतर काय सांगितलंस? "काही विशेष नाही, अशाच गप्पा चालल्या होत्या," एवढंच ना? मला माहीत आहे, कारण मी आयुष्यभर तेच सांगितलं.

बँकेनं मला हुबळीला पाठवलं ते तुला माहीत आहे. तिथं मी कन्नड शिकले ती वर्गात बसून नाही. पोळ्या लाटताना शेजारचा रेडिओ कानावर पडायचा, बसमध्ये बायकांची भांडणं, सकाळी भाजीवालीचं "ऊटा आतेन्री?" मी पाठ करून उभी असले तरी भाषा कानात शिरत होती. वाक्याची ठेवणही आपल्यासारखीच, शब्दाच्या जागी शब्द ठेवला की बरंचसं जमायचं. मी गप्प बसले तर कुणाचं काही अडत नव्हतं. चुकले तर लोक हसायचे आणि दुरुस्त करायचे.

तुझ्या भाषेचं तसं नाही हे तूच मला शिकवलंस. तिथे हातातलं काम खाली ठेवावं लागतं आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की बोट दाखवू नये, टक लावून पाहू नये, तोंडं वेडीवाकडी करू नयेत, आणि इथे भुवया हाच व्याकरणाचा भाग. "बापूनं आईला पैसे दिले" म्हणताना बापूला हवेत एका जागी ठेवायचं, आईला दुसऱ्या जागी, आणि देणारा हात इकडून तिकडे न्यायचा. "नं" आणि "ला" त्या प्रवासातच येतात. मराठी वाक्य मनात धरून एकेक शब्द हातानं टाकत गेलं तर ते बधिर माणसाला तुटकं लागतं. पण तुझी नणंद तुला हसणार नाही. तिचा जन्म लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या खुणा जुळवून घेण्यात गेलाय. म्हणूनच तुला वाटत राहील की तुझं ठीक चाललंय. आणि मुख्य म्हणजे, हुबळीत मी गप्प बसले तरी कन्नड चालूच होती. त्या दिवशी तुझे हात थांबले तेव्हा तिच्यापुरती सगळी वास्तुशांत थांबली. खोलीभर माणसं बोलताहेत आणि तिच्या पदरात त्यातला एक शब्द नाही.

माझ्या धाकट्या भावाची, बापूमामाची, आठवण तुला धूसरच असेल. त्याला लोक मुका म्हणायचे. तो मुका नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं. सातव्या वर्षी त्याला शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी आईला बजावलं, घरी खुणा करायच्या नाहीत, नाहीतर तो बोलायला शिकणार नाही. 1880 साली मिलानला शिक्षकांची परिषद भरली होती. बहुतेक सगळे ऐकू येणारेच. बधिर मुलांना तोंडी बोलण्यानंच शिकवायचं असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरलेलं आमच्या सांगलीच्या माजघरापर्यंत पोचलं. बापूच्या तोंडासमोर मेणबत्ती धरायचे. "प" म्हटल्यावर ज्योत हलली की बरोबर. पण सायली, आरशासमोर उभी राहून आवाज न काढता बाबा म्हण, मग मामा म्हण. ओठ सारखेच हलतात. त्या पोरानं काय वाचायचं? खूण केली की आई हातावर फूटपट्टी मारायची. तिला ते त्याच्या भल्याचं वाटत होतं. पुढे पुढे तो हात मांडीखाली घालूनच बसायचा.

रात्री जेवताना दादा काहीतरी सांगायचे, आम्ही सगळे हसायचो. बापू आमचे चेहरे बघून हसायचा, किंचित उशिरा. मग माझी बाही ओढायचा आणि तळवा उताणा करायचा, काय? आणि मी, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, तोंडात घास असताना मान हलवायची. काही नाही. नंतर सांगते.

पुढे तो पुण्यात छापखान्यात लागला. एकदा मी त्याला न कळवता गेले. शेजारी म्हणाले, रविवारी तो त्यांच्या मंडळात असतो. मी दारात उभी राहिले. पंधरा-वीस माणसं गोल करून बसली होती आणि मधे आमचा बापू. त्यानं नाकावर चष्मा सरकवला, पोट पुढे काढलं, पानाची पिंक टाकली, आणि दोन हातांत दादांचा अख्खा स्वभाव उभा केला. माणसं मांड्या बडवून हसत होती. माझा भाऊ इतका गमत्या होता हे मला त्याच्या पन्नाशीत कळलं. मी कन्नड शिकले, निवृत्तीनंतर थोडी बंगालीही. बापूची भाषा मी शिकले नाही. ती भाषा आहे हेच मला माहीत नव्हतं. अमेरिकेत गॅलॉडेट कॉलेजात विल्यम स्टोकी इंग्रजी शिकवायला गेला, मुलांचे हात बघत राहिला आणि त्यानं 1960 मध्ये लिहून दाखवलं की हे हातवारे नव्हेत, ही रचना असलेली भाषा आहे. तोही ऐकू येणारा आणि शिकाऊच. तेव्हा बापू मेणबत्तीसमोर बसला होता. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषेच्या केंद्राचा पहिला कोश आला 2018 मध्ये, 3,000 शब्दांचा. आता 10,000 आहेत म्हणे. बापू 2016 मध्ये गेला.

फार लिहिलं. तुला लागलं असेल तर माफ कर. तुझ्या अंगावर किती कामं होती त्या दिवशी ते मी बघितलेलं नाही. पाच तास एकटीनं सगळ्यांचं बोलणं हातांवर आणणं कुणालाच झेपणार नाही. दुभाषेसुद्धा वीस-तीस मिनिटांनी आळीपाळी करतात. म्हणून एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. नवऱ्याला बसव शिकायला, सासूबाईंना बसव. नाही जमलं तर थोडक्यात सांग, चुकीचं सांग, पण तेव्हाच सांग. "आत्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगताहेत, फार लांबलंय" एवढं सांगितलंस तरी ती तुझ्याबरोबर कंटाळेल. तो कंटाळाही तिच्या हक्काचा आहे.

आणि तू वर्ग सोडणार आहेस असंही वहिनी म्हणत होत्या. सोडू नकोस गं. तू शिकायला लागलीस तेव्हा मला वाटलं, आपल्या घरानं बापूला द्यायचं राहिलेलं तू देते आहेस. हे ओझं तुझ्यावर टाकू नये, कळतं मला. पण वाटलं खरं.

दिवाळीला दोघी या. तू पाठवलेले व्हिडिओ बघून मी आरशासमोर एक वाक्य घोटलंय. पाची बोटं जुळवून तोंडाशी न्यायची, भुवया वर, मान जराशी पुढे. जेवण झालं का? तुझ्या नणंदेला सांग, मी चुकले तर तिनं हसायचं आणि माझे हात धरून दुरुस्त करायचं. ओट्यासमोरचा दिवा बदलून मोठा घेतलाय, बोलताना हात नीट दिसावेत म्हणून.

तुझी,
मावशी