टाळू : एक शब्द, दोन जागा

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी इंदूरमध्ये बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो. एका रात्री माळव्यातील एका खेड्यातून एक आजी सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. "साहब, बच्चे का तालू बैठ गया है," एवढेच त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. मी टॉर्च घेतला, बाळाचे तोंड उघडून तालू पाहिला आणि कागदावर 'प्राकृत' अशी नोंद केली. शेजारी उभ्या असलेल्या वयस्क परिचारिकेने काही न बोलता माझा हात बाळाच्या डोक्यावर ठेवला. बोटांना खोल खळगा लागला. जुलाबांनी बाळ कोरडे पडले होते. सलाईन वेळेवर सुरू झाले व बाळ वाचले. पण आजींचे निदान माझ्या आधी झाले होते, याची खंत राहिली. पुढे या शब्दाचा मागोवा घेतला, तो येथे मांडतो.

आपण ज्याला फॉन्टॅनेल म्हणतो, त्याचे शरीररचनाशास्त्रातील अधिकृत लॅटिन नाव फॉन्टिक्युलस. 'फॉन्स' म्हणजे झरा. त्याचे लघुत्वदर्शक रूप फॉन्टिक्युलस, म्हणजे लहानसा झरा. अनेकवचन फॉन्टिक्युलाय. फॉन्टॅनेल हा शब्द मात्र फ्रेंचमधून इंग्रजीत आला; त्याचाही अर्थ छोटे कारंजे किंवा झरा. ब्रिटिश लेखनात शेवटी दोन 'एल' व एक 'ई' येतो. अमेरिकेत एका 'एल'वरही भागवतात. दोन्ही रूपे ग्राह्य आहेत. एकाच लेखात दोन्ही वापरू नयेत, इतकेच. मऊ जागेखाली उडणारे स्पंदन पाहिले, की झऱ्याची उपमा सहज पटते.

ग्रीकांचा शब्द 'ब्रेग्मा'. भिजवणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी कोशकार त्याचे नाते जोडतात. शिशूच्या डोक्याचा हा भाग सर्वांत ओलसर, अशी जुनी समजूत होती. आज ब्रेग्मा म्हणजे पुढची टाळू भरून आल्यावर जेथे कवटीचे सांधे मिळतात तो बिंदू. झरा काय, ओलावा काय, दोन्ही नावांत पाणी आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे.

संस्कृतात 'तालु' म्हणजे मुखातील तालू. त्यावरूनच व्याकरणातील 'तालव्य' वर्ण. म्हणूनच नवजात बाळाच्या डोक्यावर तेलात भिजवलेला कापूस ठेवण्यास सांगताना चरकसंहितेने 'शिरस्तालु' असा स्पष्ट शब्द योजला. वाग्भटाने तर 'तालुकंटक' या बालरोगात मुखातील तालूचा विकार, डोक्यावरील खळगा, पातळ मल आणि तहान ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत. मराठीतही जीभ टाळूला लागते आणि बाळाची टाळू तेलाने भरतात. दोन्ही जागांना नाव एकच! माझ्या घरी रोज कानावर पडणारा शब्द रुग्णालयात हिंदीतून आला आणि मी चकलो.

तरुण सहकाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पुढची टाळू बहुधा 12 ते 18 महिन्यांत भरते. मागची पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. बाळ शांत असताना, त्याला उभे धरून टाळू तपासावी. रडताना ती फुगते. ताप असून टाळू फुगीर व ताठ लागल्यास मेंदूज्वराचा विचार करावा. जुलाबांत बाळाची ग्लानी, खोल गेलेले डोळे, तहान आणि त्वचेची चिमटी यांवर शुष्कता ठरवावी. बसलेली टाळू ही त्यांना पूरक साक्ष. तेल घालून ती वर येत नाही, पाणी व क्षार पोटात गेले की येते, हेही घरच्यांना समजावून सांगावे.

आणि एखादी आजी "टाळू बसली" म्हणाली, तर टॉर्च खिशातच ठेवून आधी बाळाच्या डोक्यावर हात ठेवावा.