वाढदिवसाची भेट : पांघरूण नव्हे, अंथरूण

पहिला वाढदिवस जवळ आला की आजी, मावशी, आत्या यांच्यापुढे एकच प्रश्न असतो : बाळाला काय द्यावे? बहुतेक वेळा लोकरीचा संच, बॅटरीवर चालणारे खेळणे किंवा चाकांचा वॉकर घेतला जातो. आपल्या दारव्हा भागात लोकरीचा संच थंडीचे दोन-अडीच महिने अंगावर चढतो आणि पुढच्या थंडीपर्यंत तो लहान झालेला असतो. बॅटरीच्या खेळण्यात बाळ फक्त पाहते, स्वतः काही करत नाही. वॉकर तर बाळाच्या हिताचा नाहीच. या तिन्हींपेक्षा उपयोगी अशी एक भेट घरीच तयार करता येते. ती म्हणजे सुती धाग्याचे, हाताने विणलेले खेळाचे अंथरूण. ते का द्यावे, कसे विणावे आणि कसे वापरावे, याची माहिती आज घेऊ.

बाळाला जमीन हवी

आपल्याकडे बाळ दिवसभर कोणाच्या तरी कडेवर, मांडीवर, पाळण्यात किंवा झोळीत असते. यामागे माया असते आणि भीतीही असते. खाली ठेवले तर माती लागेल, फरशीचा गारवा बाधेल, विंचू-किडा चावेल, असे घरातल्या मोठ्यांना वाटते. परंतु मान, खांदे, पाठ आणि कंबर यांचे स्नायू काम केल्याशिवाय बळकट होत नाहीत. पालथे पडून डोके उचलणे, कोपरांवर भार घेणे, हात लांबवून वस्तू ओढणे, गुडघ्यांवर झुलणे हा बाळाचा व्यायाम होय. कडेवरच्या बाळाला तो करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या हालचालींबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार जे बाळ अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवून खेळू द्यावे. बाळाला एका वेळी एका तासापेक्षा जास्त वेळ बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून अडकवून ठेवू नये. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत टीव्ही व मोबाइल दाखवू नये, असेही त्यात म्हटले आहे. ही तिन्ही पथ्ये पाळायची तर घरात बाळाच्या हक्काची, स्वच्छ आणि मऊ अशी जागा लागते. खेळाचे अंथरूण ती जागा करून देते.

वॉकरविषयी दोन शब्द. वॉकरमध्ये बाळ बोटांवर ढकलत पुढे जाते. त्यामुळे चालण्यासाठी लागणारा तोल त्याला शिकता येत नाही. शिवाय क्षणात ते पायरीपर्यंत, चुलीपर्यंत किंवा पाण्याच्या बादलीपर्यंत पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

लोकर नको, सूत घ्या

बाजारात लोकर म्हणून जो रंगीत धागा मिळतो तो बहुधा अॅक्रिलिकचा असतो. तो घाम टिपत नाही आणि विस्तवाजवळ वितळून कातडीला चिकटतो. त्याचे तंतू सुटून बाळाच्या तोंडात जातात. यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत लोकरीवर लोळणाऱ्या बाळाला घामोळे येणारच.

सूत लाळ व घाम टिपते, वारंवार धुता येते आणि उन्हात लवकर वाळते. आपला जिल्हा तर कापसाचाच. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच घातली गेली होती. ज्या मातीत हे पीक येते तिथल्या बाळाला त्याच कापसाचे अंथरूण मिळावे, हे योग्यच आहे. दुकानात विणकामाचा मध्यम जाडीचा सुती धागा मागावा.

विणण्याची कृती

एकदम मोठे अंथरूण विणायला घेऊ नये. ३० सेंटिमीटरचे चौकोन विणून ते जोडावेत. तीन चौकोन रुंदीला व चार लांबीला, असे १२ चौकोन जोडले की ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब अंथरूण होते. चौकोन घरातल्या दोघी-तिघींनी वाटून घेता येतात.

प्रथम नमुना विणावा. ८ नंबरच्या सुयांवर २० टाके घालून तळहाताएवढा तुकडा विणावा, धुवून वाळवावा आणि मगच मोजावा, कारण सूत पहिल्या धुण्यात आटते. २० टाक्यांची रुंदी १० सेंटिमीटर भरली तर ३० सेंटिमीटरसाठी ६० टाके घालावेत. कमी-जास्त भरली तर त्या हिशोबाने टाके बदलावेत.

विण सर्व सुलट ठेवावी. ही विण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा मुडपत नाहीत आणि नवशिकीलाही जमते. तिचा एक सोपा ठोकताळा आहे. दोन ओळींची एक उठावदार सर दिसते आणि जितके टाके तितक्या सरी झाल्या की चौकोन पूर्ण होतो. म्हणजे ६० टाक्यांना ६० सरी, अर्थात १२० ओळी. त्यानंतर टाके बंद करावेत.

एका चौकोनात ७२०० टाके होतात. मिनिटाला २० टाके धरले तर सहा तास लागतात, आणि १२ चौकोनांना ७२ तास. रोज एक तास विणले तर अडीच महिने होतात. जोडकामाचे दिवस धरून वाढदिवसाच्या तीन महिने आधी सुरुवात करावी. धागा किती लागेल हे ठरवण्यासाठी पहिला चौकोन किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावा, वजन बाराने गुणावे आणि थोडा जादा धागा घ्यावा. एकाच वेळी घेतल्यास रंगात फरक पडत नाही.

बाराही चौकोन एकसारखे नसावेत. दोन चौकोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे करावेत. नवजात बाळ साध्या रंगापेक्षा नक्षीकडे अधिक वेळ पाहते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले होते. घरात पुढे दुसरे बाळ आले तर हे पट्टे त्याच्याही कामी येतात. दोन चौकोन ‘एक सुलट, एक उलट’ अशा विणीचे करावेत. त्यासाठी टाके विषम, म्हणजे ६१ ठेवून प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करावी. ही विण दाणेदार होते आणि बाळाच्या बोटांना वेगळा स्पर्श मिळतो. एका चौकोनावर १२ सेंटिमीटरची छोटी झडप विणून तिची फक्त वरची कड घट्ट शिवावी. झडपेखाली चेंडू लपवून तो बाळाला शोधायला लावता येतो. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ही समज पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात येऊ लागते आणि अशा खेळातून ती पक्की होते.

चौकोन त्याच धाग्याने जवळजवळ टाके घेऊन जोडावेत. धाग्याची सुटी टोके विणीत किमान पाच सेंटिमीटर ओवून मगच कापावीत. पाठीमागे जुने, धुवून मऊ झालेले लुगडे किंवा धोतर दुहेरी घालून चौकोनांच्या सांध्यांवरून गोधडीसारखा धावदोरा घालावा. आपल्या आज्या गोधडीसाठी वापरलेले कापडच घेत. त्यात काटकसर होतीच, शिवाय अनेकदा धुतलेल्या सुताचा मऊपणाही मिळे.

या गोष्टी टाळाव्यात

बाळ प्रत्येक वस्तूची चव घेते. म्हणून या अंथरुणावर गुंड्या, मणी, टिकल्या, घुंगरू, लोकरीचे गोंडे आणि लोंबत्या दोऱ्या लावू नयेत. सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, असे मानतात. आपल्या तालुक्यातील तांड्यांवर बंजारा भगिनी आरसे व कवड्या लावून सुरेख भरतकाम करतात. ते भिंतीवर किंवा दारावर शोभते, पण बाळाच्या अंथरुणावर ते नको.

जाळीची विण घेऊ नये. तिच्या भोकात बाळाचे बोट अडकते. सुटा धागा पायाच्या बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा बंद होतो, बोट सुजते व लाल-निळे पडते. बाळ कारण नसताना रडत असेल तर मोजे काढून हातापायांची बोटे अवश्य पाहावीत. धागा दिसला व सहज निघाला नाही, तर खेचत न बसता ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

धागा रंग सोडतो का, हे ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धागा धुवावा, तरीही रंग जात असेल तर तो वापरू नये. काम संपल्यावर सुया व टाचण्या मोजून ठेवाव्यात आणि पूर्ण अंथरुणावरून लोहचुंबक फिरवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे अंथरूण झोपलेल्या तान्ह्या बाळावर पांघरू नये. एक वर्षाखालील बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर झोपवावे. तोंडाजवळ उशी, गोधडी किंवा जाड विणलेले कापड ठेवू नये, कारण त्याने श्वास कोंडण्याचा धोका असतो. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढील वर्षांत निम्म्याच्या आसपास खाली आले. एक नियम लक्षात ठेवावा : झोपताना पाठीवर, खेळताना पोटावर. ही भेट खेळण्यासाठी आहे.

कसे वापरावे

अंथरूण खाली सतरंजी घालून पसरावे. गुळगुळीत फरशीवर ते सरकते आणि उभे राहणारे मूल पडते. जागा चूल, जिना, पाण्याची टाकी यांपासून दूर असावी. टाकण्यापूर्वी जागा झाडावी आणि अंथरूण झटकून घ्यावे. जवळ एक मोठे माणूस असलेच पाहिजे.

लहान बाळ असेल तर दूध पाजल्यानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि दोन-तीन मिनिटे पालथे ठेवावे. दिवसातून असे अनेकदा करावे आणि वेळ हळूहळू वाढवावी. समोर आपणही पालथे पडून बाळाशी बोलावे. सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी वाटी, लाकडी चमचा, चेंडू हाताला किंचित न पोचेल असे ठेवावे. वर्षाच्या मुलासाठी डबे एकावर एक रचणे, झडपेखालचा चेंडू शोधणे, एका चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकणे हे खेळ आहेत. पुढे त्याच चौकोनांवर रंग व अंक शिकवता येतात.

आठवड्यातून एकदा, आणि लाळ-शी-शू लागल्यास लगेच, अंथरूण साबणाने धुवून चांगले खळबळावे. ओले विणकाम जड होते व दोरीवर ताणले जाते, म्हणून ते खाटेवर पसरून उन्हात वाळवावे. खाली खेळणाऱ्या मुलाचे हात खाण्यापूर्वी धुवावेत. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत गोळी मिळते, ती चुकवू नये.

आईवडिलांनी पाहावयाच्या खुणा

अंथरुणावर खेळणारे मूल रोज डोळ्यांसमोर असते, त्यामुळे वाढीतील उणीवही लवकर कळते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये काही मर्यादा दिल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, रांगणे ५.२ ते १३.५ महिने आणि आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिने. याचा अर्थ शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर त्यात काळजीचे कारण नाही. काही मुले रांगतच नाहीत, तीही पुढे नीट चालतात.

मात्र साडेनऊ महिन्यांनंतरही मूल बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटत असेल, अथवा येत असलेली हालचाल विसरले असेल, तर ‘आपोआप होईल’ म्हणून थांबू नये. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व पुढील उपचार विनामूल्य होतात. उपचार जितका लवकर, तितका फायदा अधिक.

विणणाऱ्या हातांसाठी

दर २०-२५ मिनिटांनी सुया खाली ठेवाव्यात, मुठी उघडून-मिटून घ्याव्यात, मान दोन्ही बाजूंना वळवावी आणि दूरच्या झाडाकडे नजर टाकावी. पाठीला टेका व कोपरांना उशीचा आधार असावा. चाळिशीनंतर टाके अंधुक दिसू लागले तर डोळे ताणू नयेत, चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. अंगठा व पहिल्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातील शीर दाबली जात आहे असे समजून काही दिवस विणकाम थांबवावे व डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात हा त्रास अधिक दिसतो, तेव्हा होणाऱ्या आईवर सगळे चौकोन सोपवू नयेत.

औक्षण झाले की भेट घडी करून कपाटात ठेवू नये. त्याच दिवशी ओसरीवर ती अंथरावी, बाळाला तिच्यावर बसवावे आणि घरातल्या मोठ्यांनीही खाली बसून अर्धा तास त्याच्याशी खेळावे.